आजचा हुकूम कोणाचा?

आमच्या डॉक्टरसाहेबांना आम्ही चौघांनी एकदा भर बाजारातून बाजेवर घालून नेलं. ते जिवंत होते. चांगले धडधाकट होते आणि पडल्यापडल्या आमच्यावर ओरडत होते. पण बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना लांबून ते कुठून कळणार? त्यांना एवढंच दिसलं, की दवाखान्याच्या फाटकातून बाज निघाली, तिच्यावर डॉक्टर आडवे, आणि बाजेला खांदा कोणी दिलेला, तर दोन पुरुष आणि दोन बायांनी.

भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्यानं डोक्याचं पागोटं काढलं. कोणीतरी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि त्या पिठाच्या हातांनी तशाच रस्त्यावर आल्या. बाजेवरून आवाज येत होता, "मागचा उजवा झोपला का बे? तांब्या हालून राह्यला!" साहेबांच्या पोटावर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता. रोगी न हलवता न्यायला शिकवायचा हा त्यांचा धडा; थेंब सांडला, की पुन्हा दवाखान्यापासून सुरुवात करायची असा नियम.

डॉक्टरीणबाईंनी बाजेजवळ येऊन नवऱ्याकडे नीट पाहिलं. "जित्तेपणी मिरवणूक काढली, आता मेल्यावर कोणी येणार नाही," एवढं बोलून त्या पोळ्या लाटायला परत गेल्या. साहेब हसले, तांब्या कलंडला, आणि आम्हाला सगळा बाजार पुन्हा फिरावा लागला.

ही गोष्ट वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले त्या दिवसांतली. घाटावरच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी नर्सचं आणि बाळंतपणाचं काम शिकायला गेले होते. माझे वडील चिखलीकडे शाळामास्तर. मुलगी दवाखान्यात ठेवली म्हणून त्यांना नातेवाइकांनी बरंच ऐकवलं होतं. माझ्यासोबत सगुणा होती. माझ्याहून मोठी, लहानपणीच नवरा गेलेला, बोलायला कमी आणि बघायला तिखट. कंपाउंडरीचं काम शिकायला डोणगावचा कादर आला होता. त्याच्या वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. चौथे गुलाबराव देशमुख. हे नागपूरच्या मेडिकल स्कूलात वर्षभर जाऊन परत आलेले. आता मलमपट्टी आणि देवी टोचणं शिकत होते. आम्ही त्यांना पाठीमागं 'अर्धे डॉक्टर' म्हणायचो. पुढ्यात म्हणायची कोणाची छाती नव्हती.

सरकारी रिवाज असा, की नर्सला नर्सनं शिकवावं, कंपाउंडरला कंपाउंडरनं आणि ज्यानं त्यानं आपापली परीक्षा द्यावी. साहेबांना तो रिवाज मान्य नव्हता. त्यांनी आम्हा चौघांना पहिल्याच दिवशी एका सतरंजीवर बसवलं. गुलाबराव काठाला, अर्धे सतरंजीबाहेर बसले. साहेब म्हणाले, "रोगी एक अन् त्याचे मालक पाच. डाक्तर, नर्स, कंपाउंडर, मलमपट्टीवाला अन् घरचे. पाची जण एकमेकांशी बोलत नाहीत, अन् रोगी मधातच मरते. मले तुम्हाले औषध शिकवायचं नाही, ते पुस्तकात हाय. मले तुम्हाले बोलणं शिकवायचं हाय."

साहेब मूळचे घाटाखालचे, वरवट बकालचे. नागपुरात शिकले, इंग्रजी उत्तम बोलत, पण वऱ्हाडी त्यांनी कोणासाठी सोडली नाही. कलेक्टरांशीही बोलता बोलता मध्येच 'तसं नाही ना बाप्पा' म्हणत. अंगात काळा कोट, खाली धोतर, आणि कोटाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. त्याच खिशात कारबोलिकनं पुसलेली बोटं जायची, त्यामुळे त्या शेंगदाण्यांना दवाखान्याचा वास असे. पण ते मिळवण्यासाठी आम्ही चौघं टपून असायचो.

त्याचं कारण असं. साहेब रोज एक हुकूम मुद्दाम चुकीचा द्यायचे. कधी देतील, कोणाला देतील, पत्ता नसे. दुखरा पाय डावा असला तर 'उजव्याले पट्टी बांध' म्हणत. तापानं फणफणलेल्या माणसाला 'घरी जाऊ दे' म्हणत. ज्याला ते खटकलं, त्यानं तिथंच, रोग्यासमोर, तोंड उघडून विचारायचं. विचारलं तर मूठभर शेंगदाणे. न विचारता हुकूम पाळला तर साहेब काही बोलत नसत. फक्त हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत बसत, आणि ते बघणं फार वाईट होतं.

सुरुवातीला जीभ उचलायची नाही. मोठ्या माणसाला 'तुम्ही चुकलात' म्हणायचं आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. सगुणाला तर पुरुषाच्या तोंडाकडे बघून बोलायचीच सवय नव्हती. ती आधी भिंतीला सांगायची, "भिंती गं, साहेब डावा म्हणाले का उजवा?" साहेब भिंतीला शेंगदाणे द्यायचे. मग एक दिवस सगुणा भिंतीकडे न बघता थेट बोलली, आणि त्या दिवशी सगळा खिसा तिच्या पदरात रिकामा झाला.

आठवड्यातून एकदा कामांची अदलाबदल असे. मी खलबत्त्यात पुड्या कुटायची, कादर जखमा धुवायचा, सगुणा बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची. अक्षरओळख नव्हती तिला, पण ती त्या वर्षात शिकली. गुलाबरावांच्या वाट्याला रोग्यांची भांडी धुणं आलं, तेव्हा ते टोपी घालून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील दमणी जुंपून जाब विचारायला आले. साहेब तेव्हा मागच्या अंगणात होते. धोतराचा काचा मारून, राख घेऊन, तीच भांडी घासत होते. देशमुख उभे राहिले. साहेबांनी वर न बघता विचारलं, "बसता का देशमुख? चहा सांगतो, हे झालं की." देशमुख बसले नाहीत. थोडा वेळ बघत राहिले आणि दमणी वळवून गेले. संध्याकाळी गुलाबराव परत आले. वडिलांनी घरी काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

साहेब स्वतः चुकायचे नाहीत असं नाही. चुकले, की खिशात हात घालून म्हणायचे, "आजचा चुकीचा हुकूम तोच होता!" आम्ही हसायचो, शेंगदाणे खायचो. एकदा मात्र तसं झालं नाही. एक बाप आणि त्याचं लहान लेकरू, दोघंही हगवणीनं बेजार होऊन आले होते. दवाखान्यात गर्दी उसळली होती. साहेबांनी दोघांची औषधं सांगितली. कादर अफूच्या अर्काची बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"साहेब, ये जे सांगितलं, ते लेकराचं का बापाचं?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकराकडे. "बापाचं," ते म्हणाले. "लेकराले अफू नाही. आजचा चुकीचा हुकूम तोच होता." शेंगदाणे वाटले गेले. आम्ही नेहमीसारखं हसलो.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी आम्हाला सतरंजीवर बोलावलं. स्वतः खाली बसले. मग म्हणाले, "सकाळचं नाटक नव्हतं. मी खरंच चुकलो होतो. कादर गप्प बसला असता तर त्या लेकराले मी मारलं असतं. अन् मी सकाळी तुम्हाले शेंगदाणे चारून खोटं बोललो, ते दुसरं."

गुलाबरावांनी विचारलं, "मग साहेब, उद्यापासून हा खेळ बंद?"

"बंद काऊन? उद्यापासून त जास्त."

त्या दिवसापासून गुलाबराव सतरंजीवर पूर्ण बसायला लागले, असं मला वाटतं. सगुणा म्हणे, ते आधीच बसायला लागले होते.

आता हुकमाचं सांगते, कारण साहेबांवर जे बालंट आलं ते त्यावरून. रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर ते विचारत, "आजचा हुकूम कोणाचा?" नियम असा, की रोग्याला आधी जो बघेल त्याचा त्या रोग्यापुरता हुकूम; एकदम बरेच रोगी आले, तर पहिल्यांदा बघणाऱ्याचा सगळ्यांवर. मग बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं, साहेबांनीसुद्धा. शिवायचं काम साहेबांचं, औषध कादरचं, पण आधी काय, नंतर काय, कोण कुठे उभा राहील, हे हुकूमवाल्यानं ठरवायचं. "ऐकायचं म्हणजे मुकं व्हायचं नाही," ते बजावत. "दिसलं ते बोलायचं. ठरवणारा एक."

कपाशीचा हंगाम होता. गावातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रात्रंदिवस काम चाले. साहेब एका खटल्यात साक्ष द्यायला बुलढाण्याला गेले होते. मी ओसरीवर पट्ट्यांची फडकी उकळत होते, तर रस्त्यानं बैलगाड्या धावत येताना दिसल्या. कापसाची गाडी कोणी पळवत नाही. मी काठी टाकून फाटकाकडे धावले. जिनिंगमधली सरकीचा ढीग अडवणारी पत्र्याची भिंत फुगून कोसळली होती. खाली काम करणाऱ्या बाया आणि माणसं सापडली होती.

पहिल्या गाडीत एक तरुण बाई होती. तिच्या मांडीत पत्रा घुसून लुगडं रक्तानं निथळत होतं. तिच्याशेजारी तोंड फुटलेला एक म्हातारा हमाल 'पाणी, पाणी' करत होता. मागच्या गाडीत जिनिंगवाल्या शेटजींचा पुतण्या. त्याचा हात मोडला होता आणि तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता.

गुलाबराव धावत आले आणि सरळ पुतण्याकडे गेले. ओळखीचा होता, एकत्र शिकलेले. मला सगुणाचा आवाज ऐकू आला, "पयले कोणी पाह्यलं?" मीच पाहिलं होतं. घरी वडिलांसमोरही मी कधी मान वर करून बोलले नव्हते.

"गुलाबराव," मी म्हणाले, "तो हात नंतर. इकडे या. ही मांडी दोन्ही हातांनी दाबून धरा, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

ते तिथंच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. भोवती गाव जमलेलं, देशमुखांच्या मुलाला एक मास्तरची पोरगी हुकूम सोडते आहे हे सगळे बघत होते. मग ते आले, गुडघे टेकले, आणि मांडी दाबली. रक्ताची धार थांबली.

त्यानंतर भीती वाटायला मला वेळ झाला नाही. कादरला म्हटलं, पाणी उकळायला ठेव आणि टाके घालायचं सामान मांड. सगुणाला म्हटलं, तू सगळ्यांत फिर, कोण कसं आहे ते मला सांगत राहा. ज्यांना नुसतं खरचटलं होतं त्यांना पिंपळाखाली बसवलं.

तेवढ्यात बुलढाण्याहून साहेबांची दमणी आली. ते उतरले, कोट काढून दमणीवरच टाकला, आणि पहिलं वाक्य तेच. "आजचा हुकूम कोणाचा?"

"माझा," मी म्हणाले. मला वाटलं, आता ते 'बरं, सरक' म्हणतील.

"मंग सांग. मी काय करू?"

"मांडी शिवा."

ते हात धुवायला वळले तर शेटजी आडवे आले. दवाखान्याच्या कमिटीवर होते ते. "डॉक्टर, आधी माझा पुतण्या. हात गेला त पोराचा जनम वाया जाईल."

"शेटजी, मले नका इचारू. हुकूम या पोरीचा हाय."

"या पोट्टीचा?"

"हाव."

शेटजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते साहेबांवरच गरजत राहिले. एवढ्यात सगुणा माझ्या कानाशी आली. "तो म्हातारा गप झाला. मघापासून पाणी मागत होता, आता मागून नाही राह्यला."

साहेबांच्या हातात सुई होती. ते म्हणाले, "मी म्हणतो मांडी पयले. पण ठरव तू."

मी गुलाबरावांकडे पाहिलं. घामानं त्यांचा सदरा भिजला होता. "अजून धराल?" मी विचारलं. ते म्हणाले, "सांग तितका वेळ धरतो."

"मग साहेब, आधी म्हातारा."

साहेबांनी सुई कादरच्या हाती दिली आणि ते धावले. म्हाताऱ्याचा घसा रक्ताच्या गुठळ्या आणि कापसाच्या बोळ्यानं बुजला होता, चेहरा निळा पडत होता. साहेबांनी त्याला कुशीवर वळवून बोट घातलं, मग चिमटा घातला, आणि तो बोळा बाहेर काढला. म्हातारा खोकला, त्यानं श्वास घेतला, आणि पहिल्या श्वासाबरोबर साहेबांना शिवी दिली. साहेब म्हणाले, "जगला." मग मांडी शिवली. शेटजींच्या पुतण्याचा हात सगळ्यांत शेवटी बसवला.

कोणी मेलं नाही. ती बाई पुढं थोडी लंगडायची, पण दुसऱ्या हंगामाला कापूस वेचायला गेली. पुतण्याचा हात बरा झाला, किंचित वाकडा राहिला. त्या वाकडेपणावरून शेटजींनी वर तक्रार केली, की डॉक्टर हजर असताना शिकाऊ पोरीच्या हाती दवाखाना दिला.

चौकशीला बुलढाण्याहून सिव्हिल सर्जनसाहेब आले. साहेबांच्या ओसरीवर खुर्ची मांडली. आम्ही चौघं एका ओळीत उभे. डॉक्टरीणबाई दाराआड होत्या. त्यांच्या बांगड्या वाजत होत्या त्यावरून कळत होतं. बदली होणार, कदाचित नोकरी जाणार, असं गावात बोललं जात होतं.

सिव्हिल सर्जन थोडं मराठी बोलत. त्यांनी गुलाबरावांना पुढं बोलावलं. "तुम्ही मेडिकल स्कूलमध्ये होता. तुम्ही असताना हुकूम या मुलीनं का दिला?"

शेटजी गुलाबरावांकडे आशेनं बघत होते. घरोबा होता दोघांचा.

गुलाबराव म्हणाले, "साहेब, मी हुकूम घेतला असता त पयले शेटजीच्या पुतण्याचा हात बांधला असता. माह्या ओळखीचा होता म्हणून. मी त्याच्याकडेच गेलो होतो. मंग ती बाई मेली असती."

शेटजी घसा साफ करत राहिले. सिव्हिल सर्जननी साहेबांना इंग्रजीत काहीतरी विचारलं, साहेबांनी इंग्रजीतच उत्तर दिलं, आणि शेवटी 'तसं नाही ना बाप्पा' त्यात आलंच. सिव्हिल सर्जनच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलेलं मी पाहिलं. निकाल असा आला, की डॉक्टरांना ताकीद. आणि ताकिदीमागोमाग पुढच्या हंगामात आणखी दोन तालुक्यांचे शिकाऊ याच दवाखान्यात पाठवले गेले. सतरंजी पुरेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आपली जाजमं दिली आणि रोज संध्याकाळी ती झटकून परत मागितली.

पुढं आम्ही पांगलो. कादरनं डोणगावला औषधाचं दुकान टाकलं. सगुणा खामगावकडे गेली. तिच्या हातानं किती लेकरं जन्मली याचा हिशेब तिचा तिलाही नसेल. गुलाबराव परत मेडिकल स्कूलात गेले आणि या खेपेला पुरे शिकून आले. मी एका मोठ्या दवाखान्यात लागले आणि काही वर्षांनी तिथं नव्या मुलींना शिकवायला लागले.

एकदा घाटाखाली काम निघालं, तशी वाट वाकडी करून मी वरवट बकालला गेले. साहेब पेन्शनीत होते, शेती बघत होते. म्हणजे शेती डॉक्टरीणबाई बघत होत्या, साहेबांना आता फारसं दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकायची वाट बघत होते. मला आवाजावरून ओळखलं. माझा पगार, माझा हुद्दा, माझं लग्न, काहीच विचारलं नाही.

"तुह्या हाताखालच्या पोरी तुले टोकतात का?"

"टोकतात," मी म्हणाले. "कधी कधी लई राग येतो साहेब."

"मले बी यायचा," ते म्हणाले आणि खूप वेळ हसत राहिले. "तुम्ही काय कमी होते? रात्री हिच्याजवळ येऊन मी तुम्हाले शिव्या द्यायचो. इचार तिले."

"रोज," डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या.

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. जेवण झाल्यावर मी निघाले. मोटार गावाबाहेरच्या रस्त्यावर थांबे, मध्ये नाला होता. नुकताच पाऊस उघडला होता. मी नको नको म्हणत असताना साहेबांनी काठी घेतली. "पोचवून देतो."

नाल्याशी आल्यावर ते थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू म्होरं हो. मी मागून येतो. सांगत जा."

मी पुढं झाले. "इथं दगड आहे साहेब, पाय उचलून टाका." त्यांनी उचलून टाकला. "आता डावीकडून." ते डावीकडे वळले. "हाव बाई," म्हणायचे आणि सांगेन तसे यायचे. मला वाटलं, मी यांना अलगद पलीकडे नेते आहे.

नाल्याच्या मध्यावर त्यांनी माझा खांदा दाबला.

"पोरी, डाव्या अंगाले नको. चिखल असन. मले दिसत नाही, पण बेडूक वरडून राह्यले तिकडं."

मी थांबून ऐकलं. खरंच ओरडत होते. मी वाट बदलली आणि आम्ही उजवीकडून कोरड्या पायांनी पार झालो.